अक्षय तृतीयेचं भूमिपूजन, मे महिन्यातलं फुटिंग: संध्याकाळच्या चिरा आणि दोन वर्षांनी चढणारी ओल

आमच्या विदर्भात घराचं काम काढायचं ते गुढीपाडव्याला, नाहीतर अक्षय तृतीयेला. मुहूर्त चांगला असतो, शेतीची कामं नसतात, आणि मृग लागायच्या आत पाया जमिनीच्या वर काढायचा असतो. काळ्या मातीत खणलेल्या खड्ड्यात एकदा पावसाचं पाणी भरलं की पुढचे पंधरा दिवस वाया जातात, म्हणून ही घाई समजण्यासारखी आहे. पण त्या घाईत घरातलं सगळ्यात महत्त्वाचं काँक्रीट, म्हणजे कॉलमखालचं फुटिंग, आपण वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेत भरतो आणि हवा चांगली असल्यासारखंच त्याच्याशी वागतो.

नागपूर, वर्धा, यवतमाळ या पट्ट्यात मी वीसेक वर्षं साइटवर उभा आहे. दर उन्हाळ्यात तेच फोन येतात. पहिला त्याच दिवशी संध्याकाळी: "सकाळी फुटिंग भरलं, आता वरून चिरा दिसतायत." दुसरा आठवड्याने: "वरचा थर खडूसारखा झालाय, खिळ्याने ओढलं तर भुकटी निघते." तिसरा दोन-तीन वर्षांनी, आणि तो सहसा रंगाऱ्याला जातो, मला नाही: प्लिंथच्या (जोत्याच्या) वर हातभर ओल, भिंतीला लोणा, रंगाचे पोपडे, कॉलमच्या पायथ्याशी गंजाची तांबूस रेघ. तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या माणसांकडे जातात, म्हणून त्यांचं मूळ कोणी एकत्र शोधत नाही. बहुतेक घरांत ते एकाच ठिकाणी सापडतं: फुटिंग भरल्यानंतरचे पहिले चोवीस तास आणि त्यापुढचे चौदा दिवस. ओल अडवायच्या डांबराचा डबा उघडण्याच्या कितीतरी आधी ओलीचा निकाल तराईत, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्यात, लागलेला असतो.

आधी चीर ओळखा

मागच्या मे महिन्यात वर्ध्याजवळच्या एका साइटवर दुपारी चारला पोचलो. दीड मीटर बाय दीड मीटरचं फुटिंग, अकरा ते एकच्या दरम्यान भरलेलं. मंडळी लिंबाखाली टेकलेली. वरचा पृष्ठभाग पांढुरका पडला होता आणि कॉलमच्या सळयांपासून तिरप्या चिरा निघाल्या होत्या, एकीपासून दुसरी वीतभर अंतरावर, नख आत जाईल एवढ्या रुंद. माझ्याजवळच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. तापल्या तव्यावर शिंपडावं तसं ते बघता बघता दिसेनासं झालं. मिस्त्री उठून आला आणि म्हणाला, "साहेब, पायाले कोण पाहते? उद्या माती टाकून देऊ, आपोआप थंडा होते."

माल भरला की त्यातलं थोडं पाणी वर येतं. साइटवर आपण म्हणतो, पाणी सुटलं. हे सुटणारं पाणी जितक्या वेगाने वर येतं त्यापेक्षा जास्त वेगाने उडून गेलं, तर वरचा थर आक्रसतो. तो अजून कच्चा असतो, त्याच्यात ताण घ्यायची ताकद नसते, म्हणून फाटतो. साधारण धोक्याची रेषा आहे दर चौरस मीटरला तासाला एक लिटर. त्या दिवशी हवा ४३ अंश, आर्द्रता १५ टक्के, वारा ताशी १५ किलोमीटर आणि माल ३८ अंशांचा धरून मी सूत्राने हिशेब केला. उत्तर आलं १.८ लिटर. म्हणजे त्या एका फुटिंगच्या नुसत्या माथ्यावरून तासाला चार लिटर पाणी उडत होतं. तेच काम संध्याकाळी उशिरा, ३३ अंशांत, वारा पडल्यावर आणि माल ३२ अंशांवर ठेवून केलं असतं, तर हाच आकडा अर्ध्या लिटरच्या आसपास राहिला असता.

भरल्यापासून एक ते सहा तासांत दिसणाऱ्या, कडेपर्यंत सहसा न पोचणाऱ्या चिरा या प्रकारच्या. माल अजून अंगठ्याने दबत असेल तर काम सोपं आहे. लाकडी रंध्याने चिरेवर जोर देऊन दाबायचं, पुन्हा घोटायचं आणि ताबडतोब प्लास्टिक टाकायचं. नुसती वरून सिमेंटची भुकटी भुरभुरवून गुळगुळीत करू नका. चीर झाकली जाते, आत तशीच राहते.

चीर बरोबर सळईच्या रेषेवर असेल तर कारण वेगळं. माल खाली बसला आणि सळईने त्याला वर अडवून धरलं. वरची जाळी असलेल्या राफ्टमध्ये (घराखालच्या सलग स्लॅबच्या पायात) आणि खोल पेडेस्टलमध्ये (फुटिंगवरच्या आखूड जाड खांबात) हे होतं. माल घट्ट व्हायच्या आत व्हायब्रेटरची नीडल पुन्हा एकदा फिरवली की ती चीर मिटते. माल कडक झाल्यावर सापडलेली चीर मात्र मोजावी लागते. मातीच्या किंवा भूजलाच्या संपर्कातल्या काँक्रीटमध्ये भेगेची रुंदी ०.२ मिलिमीटरच्या आत असावी, असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. त्यापेक्षा बारीक केसचिरा धुऊन, ओल्या करून त्यात सिमेंटची पातळ स्लरी ब्रशने जिरवा. रुंद असेल तर पातळ इपॉक्सी भरून घ्या, आणि हे सगळं माती टाकायच्या आधी करा. महिन्यांनी विटांच्या भिंतीत दिसलेल्या तिरप्या, पायऱ्या-पायऱ्यांच्या भेगेचा तराईशी संबंध नसतो. ती बहुधा काळ्या मातीच्या फुगण्या-आक्रसण्याची असते. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, या लेखातला कोणताही उपाय तिला लागू नाही.

क्यूब पास, फुटिंग नापास

"पण क्यूबचा रिपोर्ट तर चांगला आलाय" हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. क्यूब म्हणजे त्याच मालाचा चाचणीसाठी भरलेला ठोकळा, तो लॅबच्या हौदात २७ अंशांच्या पाण्यात अठ्ठावीस दिवस बुडून बसलेला असतो. तो तुमच्या मालाची कुवत सांगतो. तुमच्या फुटिंगचं काय झालं हे त्याला ठाऊक नसतं.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. काँक्रीटच्या आतली आर्द्रता ८० टक्क्यांखाली उतरली की हा संयोग जवळपास थांबतो. फुटिंगचा गाभा जाड असतो, तिथलं पाणी टिकून राहतं, म्हणून गाभा बहुतेक वेळा ठीक निघतो. उपाशी राहतो तो बाहेरचा थर. आणि बाहेरचा थर म्हणजेच सळईवरचं ५० मिलिमीटरचं कव्हर, जे ओलीला आणि क्षारांना सळईपर्यंत पोचू देत नाही. उन्हाळ्यात तराई चुकली की फुटिंगची ताकद थोडी कमी होते, पण त्याचं ओल अडवायचं सामर्थ्य फार मोठ्या प्रमाणात जातं. हा फरक लक्षात घेतला नाही तर "इतकं काही बिघडलं नाही" असंच वाटत राहतं.

यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ताज्या सिमेंटमध्ये केसापेक्षा बारीक नळ्यांचं जाळं असतं. दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं त्यांतून पाणी वर चढतं. काँक्रीट सतत ओलं ठेवलं तर सिमेंट वाढत जाऊन या नळ्या मधेमधे बंद होतात. त्यासाठी किती दिवस लागतात हे १९५९ मध्ये सिमेंटचे संशोधक पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडून ठेवलं आहे. पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ असेल तर सात दिवस. ०.५० असेल तर चौदा दिवस. ०.६० असेल तर सहा महिने. ०.७० असेल तर एक वर्ष. त्याच्या वर गेलात तर कितीही पाणी मारा, नळ्या बंद होतच नाहीत.

आता हे मिक्सरपाशी उभं राहून बघा. ५० किलोचं एक पोतं, ०.५० चं प्रमाण, म्हणजे २५ लिटर पाणी, आणि त्यात ओल्या रेतीतलं पाणीही धरायचं. उन्हात माल लवकर कडक होतो, मग मिस्त्री ओरडतो, "पाणी वाढव रे." पोऱ्या अर्धी बादली ओततो. ते पाच-सहा लिटर पडले आणि चौदा दिवसांचं काम सहा महिन्यांवर गेलं. मे महिन्यात सहा महिने तराई कोणी करत नाही, करूही शकत नाही. म्हणून माल घट्ट वाटला तर पाण्याला हात लावायचा नाही. प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, मोजून, किंवा माल मुळातच थंड ठेवा.

माल थंड ठेवणं अवघड नाही

आयएस ७८६१ चा पहिला भाग उष्ण हवेतल्या काँक्रीटसाठी आहे. भरताना माल ४० अंशांच्या वर नको, असं त्यात आहे. मी स्वतः ३५ ला थांबतो. एक साधा थर्मामीटर घमेल्यातल्या मालात खुपसून बघायला दोन मिनिटं लागतात, पण मी पाहिलेल्या घरांच्या साइटवर तो जवळपास कधीच नसतो.

मालात सगळ्यात जास्त काय असतं? गिट्टी आणि रेती, जवळजवळ तीन चतुर्थांश. आपली काळ्या दगडाची गिट्टी दुपारी हातात धरवत नाही. गिट्टी दीड-दोन अंशांनी थंड केली की माल एक अंशाने उतरतो. पाण्याला त्यासाठी चार अंश उतरावं लागतं, सिमेंटला आठेक. तेव्हा ढिगावर ग्रीन नेट बांधा आणि आदल्या रात्रीपासून अधूनमधून शिंपडा, बाष्पीभवनानेच गिट्टी गार होते. काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं दुपारचं पाणी चहाला ठेवल्यासारखं असतं, टाकीला ओलं गोणपाट गुंडाळा. मोठं काम असेल तर बर्फ. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो, म्हणून घनमीटरमागे ५० किलो, म्हणजे पोत्यामागे साधारण सात किलो बर्फाने माल सहा-सात अंश सहज उतरतो. बर्फ फोडून घाला, मिक्सरमध्ये पूर्ण वितळू द्या, आणि तेवढंच पाणी कमी करा. हे शेवटचं विसरलात तर वरच्या नळ्यांच्या हिशेबाचे तीन तेरा.

वेळेबद्दल माझं मत पक्कं झालंय. पहाटे पाचला सुरू करून नऊला आटपणं चांगलं, पण संध्याकाळी सहानंतर भरणं त्याहून चांगलं. पहाटेचा माल नेमका बाराच्या उन्हात कोवळ्या वयाचा असतो. संध्याकाळच्या मालाचे पहिले बारा तास रात्रीत जातात. दोन हॅलोजन आणि मजुरांना रात्रीच्या कामाचे जास्तीचे पैसे, एवढाच खर्च. मजुरांच्याही जिवाला ते बरं. ४५ अंशांत घमेली वाहायला लावणं हा आपल्याकडचा वेगळा आणि फार दुःखद विषय आहे.

भरायच्या आदल्या संध्याकाळी पीसीसीचा बेड (तळचा साध्या काँक्रीटचा थर) आणि खड्ड्याच्या बाजू भिजवा. कोरडी काळी माती मालातलं पाणी शोषून घेते. भरताना मात्र तळात साचलेलं पाणी नको. सेंट्रिंग (फळ्यांचा साचा) न लावता थेट मातीला टेकवून भरणार असाल तर मधे प्लास्टिकची शीट लावा आणि कव्हर ७५ मिलिमीटर ठेवा. सळयांची जाळी उचलून धरणाऱ्या कव्हर ब्लॉकच्या जागी गिट्टीचे तुकडे लावलेले दिसले तर काम थांबवा. तुकडा सरकतो आणि जाळी बेडला टेकते, मग वरच्या कोणत्याच उपायाला अर्थ उरत नाही.

तराई: दिवसातून तीनदा पाइप म्हणजे तराई नाही

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ४४ अंशांत पाइपने मारलेलं पाणी वीस मिनिटांत सुकतं. तीनदा मारलं तर दिवसातून तासभर ओलं आणि उरलेला वेळ कोरडं. त्या तापलेल्या काँक्रीटवर बोअरचं थंडगार पाणी एकदम पडलं तर नव्या केसचिरा पडतात, ते वेगळंच. काँक्रीट आणि पाणी यांच्या तापमानात दहा-अकरा अंशांपेक्षा जास्त फरक असू नये.

मी असं करतो. घोटून झालं, वरची चमक गेली की लगेच प्लास्टिक, कडांवर विटा. वारा आत शिरला तर प्लास्टिकचा उपयोग नाही. तीन-चार तासांनी अंगठा दाबून खळगा पडेनासा झाला की प्लास्टिक उचलायचं, भिजवून निथळलेलं गोणपाट पसरायचं, वर पुन्हा प्लास्टिक. दुसऱ्या दिवशी सकाळी सपाट फुटिंगच्या कडेने मातीची किंवा हलक्या मसाल्याची पाळ घालून दोन इंच पाणी साठवायचं. उतरतं फुटिंग असेल, आणि आपल्याकडे मिस्त्री तेच जास्त करतात, तर त्यावर पाणी थांबतच नाही. तिथे गोणपाट आणि प्लास्टिक हाच मार्ग.

आणि बाजू! चोवीस तासांनी फळ्या काढल्या की सगळ्यांचं लक्ष माथ्यावर असतं. दीड बाय दीड मीटरच्या, ४५० मिलिमीटर जाडीच्या फुटिंगचा माथा २.२५ चौरस मीटर, चारही बाजू मिळून २.७. उघडा पडलेला भाग माथ्यापेक्षा बाजूंचा जास्त, आणि ओलीला भिडायचंय बाजूंनीच. बाजूंना गोणपाट सुतळीने आवळा, वरून प्लास्टिक गुंडाळा. पेडेस्टल आणि कॉलमच्या स्टार्टरलाही (कॉलमच्या तळच्या छोट्या टप्प्याला) तसंच. तिथे एक सोपी युक्ती चालते: पाण्याच्या बाटलीच्या बुडाला सुईने भोक पाडून ती सळयांना उलटी टांगायची, झाकण थोडं सैल. थेंब थेंब पाणी गोणपाटात झिरपत राहतं. रात्री भरून ठेवली की पहाटे गोणपाट ओलंच सापडतं.

किती दिवस? पोत्यावर बघा. साधं सिमेंट, म्हणजे ओपीसी, असेल तर आयएस ४५६ एरवी सात दिवस म्हणतं, पण उष्ण कोरड्या हवेत किमान दहा. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, असेल तर दहाची किमान मर्यादा, आणि चौदापर्यंत न्यावं अशी शिफारस. आपल्या भागात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर अशी औष्णिक केंद्रं आहेत, राखेला तोटा नाही, आणि दुकानात मिळणारं पोतं बहुधा पीपीसीच असतं. राख उशिरा काम करते, तिला पाणी जास्त दिवस लागतं. नीट तराई मिळाली तर पीपीसीचं काँक्रीट ओलीला जास्त घट्ट होतं. तराई चुकली तर तेच सगळ्यात जास्त मार खातं. म्हणून चौदा दिवस, मोजून.

टँकरवर चालणाऱ्या साइटवर पाण्याची काळजी असते, ती खरी आहे. गोणपाट-प्लास्टिकला पाइपच्या पाण्याच्या मानाने फार थोडं पाणी लागतं. तेवढंही नसेल तर क्युअरिंग कंपाऊंड (आतलं पाणी उडू न देणारा थर धरणारं रसायन) फवारा, शक्यतो पांढरं, चमक गेल्याबरोबर. पण त्याची एक अडचण पुढे सांगतो.

पाणी कुठलं, हेही बघा. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी बघून घेतल्याशिवाय मालातही नको आणि तराईलाही नको. आरसीसीसाठी (सळईच्या काँक्रीटसाठी) पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं, सल्फेट ४०० च्या आत, पीएच ६ पेक्षा कमी नको. खारं पाणी चौदा दिवस फुटिंगवर साठवून ठेवणं म्हणजे सळईला मीठ चारणं. एका बाटलीची चाचणी कुठल्याही लॅबमध्ये होते.

डांबर का सुटतं

"बिटुमेन मारलं होतं, तरी ओल आली." असं एक फुटिंग आम्ही उघडलं तेव्हा डांबराचा थर पापडासारखा हातात आला, मागच्या बाजूला पांढरी भुकटी चिकटलेली. डांबर चांगलं होतं. ते ज्याला चिकटलं होतं तो उपाशी थरच सुटून आला होता. म्हणून आधी खिळ्याची परीक्षा घ्या. टोकाने जोर देऊन ओढा. नुसता चकचकीत ओरखडा आला तर पृष्ठभाग ठीक. भुकटी निघाली तर तारेच्या ब्रशने पक्कं काँक्रीट लागेपर्यंत घासा.

दुसरं कारण फुगे. तराई संपवून लगेच भर दुपारी डांबर मारलं की आतली वाफ बाहेर यायला बघते आणि थर उचलते. काँक्रीट निवत असताना, म्हणजे उन्हं कलल्यावर मारा. पृष्ठभाग सुकला का, हे डोळ्याने कळत नाही. दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा, रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबा. थांबायला वेळच नसेल तर पाण्यातलं बिटुमेन इमल्शन घ्या, त्याला थोडी दमट जागा चालते. गरम डांबराला अजिबात चालत नाही.

तिसरं कारण क्युअरिंग कंपाऊंड. मेणाचं कंपाऊंड फवारलं असेल तर त्यावर डांबर धरत नाही. ते आधी घासून काढावं लागतं, किंवा कोटिंगखाली चालेल असं विचारूनच विकत घ्यावं. पाणी वाचवायला कंपाऊंड आणि ओल अडवायला डांबर, दोन्ही चांगल्या हेतूने केलेलं, आणि एकाने दुसऱ्याचं काम बिघडवलेलं मी दोनदा पाहिलंय.

माती टाकताना ढेकळं आणि दगड थेट डांबरावर पडू देऊ नका. मुरूम ओला करून सहा-आठ इंचांच्या थरांत धुम्मस करा. कोरडी काळी माती पुन्हा आत ढकलण्यापेक्षा बाहेरून मुरूम आणलेला बरा.

फुटिंगला कितीही डांबर मारलं तरी विटांच्या भिंतीतली ओल ते अडवत नाही. त्यासाठी प्लिंथला डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा आडवा थर, लागते: ४० ते ५० मिलिमीटर काँक्रीट, पोत्यामागे एक किलो वॉटरप्रूफिंग कंपाऊंड, वर चौरस मीटरला १.७ किलो डांबर. ती जमिनीपासून किमान अर्धा फूट वर हवी आणि तिलाही तराई हवीच. इतका पातळ थर उन्हात सगळ्यात आधी वाळतो, पण दुसऱ्याच सकाळी त्यावर विटा रचायला घेतात. प्लिंथ बीम असेल तर त्याच्या माथ्यावर डांबर मारून घ्या. फरशीखाली, भरावावर, २५० मायक्रॉनची प्लास्टिक शीट अंथरा, जोडावर वीतभर चढवून.

जुन्या घरात ओल दिसली तर ओल अडवणारं रसायन भरायला भिंतीत छिद्रं पाडायच्या आधी बाहेर जाऊन बघा. अंगणात पेव्हर टाकून, कुंड्यांना माती भरून, किंवा रस्त्यावर दरवर्षी डांबराचा थर चढून बाहेरची पातळी डीपीसीच्या वर गेली आहे का? बाहेरचं प्लास्टर डीपीसीवरून सलग खाली मातीत गेलं आहे का? तसं असेल तर ओलीला शिडीच मिळालेली असते. माती खाली उतरवा, प्लास्टर तेवढ्या पट्टीत कापा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पुष्कळ घरांत तेवढ्याने भागतं.

कॉलमच्या पायथ्याशी गंज दिसत असेल तर वरून प्लास्टर मारू नका, हात जोडून सांगतो. फिनॉफ्थॅलिनचं द्रावण नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर शिंपडलं की निरोगी काँक्रीट गुलाबी होतं, जिथे रंग येत नाही तिथे त्याने सळईला राखायची ताकद गमावलेली असते. एका घरात आम्ही ही चाचणी केली. आठ वर्षांचं घर, मे महिन्यात भरलेला पाया. बाहेरून जवळजवळ इंचभर काहीच रंग आला नाही, आत एकदम गडद गुलाबी. तराई न मिळाल्याने थर किती खोलवर निकामी झाला, ते समोर आखून आलं. घरातल्या काकू शेजारी उभ्या होत्या, त्यांनी बोट लावून विचारलं, "म्हणजे पाणी इथपर्यंत पोचलंच नव्हतं का?" इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. अशा ठिकाणी इंजिनिअरच्या देखरेखीखाली आधार लावून, सळईच्या मागेही इंचभर मोकळं करून, गंज चकचकीत होईपर्यंत काढून पॉलिमर मॉर्टरने भरावं लागतं. खर्चिक आहे, पण पर्याय नाही.

वर्ध्याच्या त्या साइटवर अजून पाच फुटिंगं भरायची होती. पहिलं त्याच संध्याकाळी भिजवलं आणि चौदा दिवस गोणपाटाखाली ठेवलं. बाकीची संध्याकाळी भरली, मिस्त्रीनेच बाटल्या टांगल्या. पंधराव्या दिवशी खिळा ओढला. पाचांवर ओरखडा, पहिल्यावर माथ्याला किंचित भुकटी, बाजूंना नाही. माथा घासून घेतला आणि मग डांबर.

आज ज्यांचं फुटिंग भरून दोन-तीन दिवस झालेत आणि पाणी धड मिळालेलं नाही, त्यांनी आत्ताच उठून गोणपाट भिजवा. थांबलेला संयोग पाणी मिळाल्यावर पुन्हा सुरू होतो. गेलेलं सगळं परत येत नाही, पण बरंच येतं. दिवस आजपासून चौदा मोजा. माती टाकायची घाई असेल तर निदान एका बाजूला खिळा ओढून बघा आणि मगच फावड्याला हात घाला.